लाईट आता दिवसा येते, तरी दीडला जाग येतेच

प्रश्न : नमस्कार डॉक्टर मॅडम. मी वाळवा तालुक्यातला शेतकरी, वय ५१. अडीच एकर ऊस आहे. चौदा वर्षं आमची शेतीची लाईट आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीची असायची. दीडला उठायचं, बॅटरी आणि काठी घ्यायची, मोटर चालू करून पहाटेपर्यंत उसाच्या पाण्याची दारं धरायची. गेल्या वर्षी आमचा फीडर, म्हणजे शेतीची वीजवाहिनी, सौरवर गेला आणि लाईट दिवसाची झाली. पण माझी जाग गेली नाही. दीडला डोळे टक्क उघडतात ते पाचपर्यंत. झोप पुरावी म्हणून मी साडेआठलाच अंथरुणावर पडतो, सव्वासहाला उठतो, दुपारी शेतातल्या खोपीत तासभर पडतो. तरी अंग जडच. रात्री जाग आली की तंबाखू मळतो, कधी चहा करून घेतो. मेव्हण्यांनी अर्ध्या मिलिग्रॅमच्या अल्प्राझोलमच्या गोळ्या आणून दिल्या, त्या वीस-बावीस दिवस रोज घेतोय. मी उठलो की मंडळीही जाग्या होतात. काय करू?

उत्तर : आधी गोळीचं बोलते, कारण त्याला उशीर करून चालणार नाही. ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकताच येत नाही, आणि त्याला कारण आहे. तिची सवय लागते. पण माझं उत्तर वाचून आज रात्रीपासून ती बंदही करू नका. तीन आठवडे रोज घेतलेली गोळी एकदम तोडली की झोप पहिल्यापेक्षा जास्त उडते, छातीत धडधडतं, हात कापतात, आणि माणसाची खात्री पटते की गोळीशिवाय आपलं जमणारच नाही. पाकीट घेऊन जवळच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्या सल्ल्याने ती हळूहळू उतरवा. ती पूर्ण सुटेपर्यंत दारूचा थेंबही नको; दोन्ही मिळून श्वास मंदावतो. गेलाच आहात तर साखर तपासून घ्या. लघवीसाठी जाग येते का, घोरता घोरता श्वास अडकतो का, हेही सांगा. घोरण्याचं मंडळींना विचारा, ते आपलं आपल्याला कळत नाही.

आता दीड वाजताचं. रात्रीची झोप सलग एकसारखी नसते. साधारण दीड-दोन तासांचा एक फेरा, असे फेरे चालतात, आणि गाढ झोप मुख्यतः पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच होऊन जाते. नंतर झोप उथळ होते. फेरा संपताना सगळेच क्षणभर जागे होतात, कूस बदलतात, सकाळी त्याची आठवणही नसते. तुम्ही साडेआठला पडता, नऊला डोळा लागतो असं धरू, म्हणजे दीडपर्यंत गाढ झोप उरकलेली असते. त्या क्षणाला तुमच्या मेंदूने चौदा वर्षं एकच धडा गिरवलाय : लाईट आली असेल, ऊठ. लाईटची वेळ बदलली हे तुम्हाला कळलंय, त्याला अजून कळायचंय.

पण वर्षभर ही जाग टिकली कशामुळे? माझं मत स्पष्ट सांगते. झोप भरून काढायला तुम्ही जे करताय, त्याच्यावरच ती जगतेय. तुमच्या विहिरीचंच बघा. दिवसभर झऱ्यातून पाणी साठतं म्हणून मोटर चालते. भर दुपारी तासभर उपसा केला आणि पुन्हा अंधार पडताच मोटर लावली, तर मध्यरात्री ती हवाच ओढणार. झोपेचंही तसंच साठतं. आपण जितके तास जागे, तितकं मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य जमतं आणि झोपेची ओढ वाढते. खोपीतली झोप त्यातलं बरंचसं उपसून नेते. चहातलं कॅफीन तर त्या अ‍ॅडेनोसिनचा परिणामच अडवतं, आणि ते अंगातून निम्मं उतरायलाच पाच-सहा तास घेतं. तंबाखूने मेंदूला तरतरी येते, म्हणजे दीड वाजता तुम्ही स्वतःच्या हाताने जाग मळून तोंडात टाकता. हे रागावून सांगत नाही. शेतात एकट्याने अंधारात उभं राहायला ती लागत होती, हे मला समजतं. उसात घोणस असते, अलीकडे बिबट्याही असतो.

मी हे नुसतं वाचून लिहीत नाही. तालुक्याच्या गावी २६ वर्षं मी बाळंतपणं केली. उशाशी फोन, आणि तो बहुतेक दोन-तीनच्या सुमारास वाजायचा. ते काम थांबवलं, फोन काढून टाकला, तरी जवळपास वर्षभर मी तीनला उठून बसायची. मग ठरवलं, अंथरुणात जागं पडायचं नाही. स्वयंपाकघरातला छोटा दिवा लावून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायची. पहिल्या रात्री पातेलं अर्धं भरलं, बोटांची टोकं दुखायला लागली, बाहेर कोंबडा आरवला तेव्हा मी तिथेच होते. पंधरा दिवसांनी मात्र दोन मुठी शेंगा झाल्या की हात आपोआप थांबायचा, फोलपटं ओट्यावर तशीच टाकून मी जाऊन पडायची. मग जागच येईनाशी झाली.

अंथरुणात जागं पडायचं नाही, हा नियम रिचर्ड बूट्झिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये मांडला. अंथरुणावरचा वेळच कापायची पद्धत आर्थर स्पीलमन यांची, १९८७ मधली. या दोन्ही पद्धती ज्यात येतात ते झोपेचे उपचार जुनाट निद्रानाशात गोळ्यांच्या आधी द्यावेत, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं आहे.

तुमचा हिशेब मांडू. नऊ ते दीड आणि पाच ते सव्वासहा मिळून झोप होते पावणेसहा तास, आणि अंथरुणावर जातात पावणेदहा. म्हणजे रोज चार तास तुम्ही अंथरुणावर जागरणाचा सराव करता. तेव्हा रात्री साडेअकराला पाठ टेकायची आणि साडेपाचला उठायचं. झोप लागो न लागो, साडेपाच म्हणजे साडेपाच, आणि तोंड धुऊन बाहेर उजेडात. गावात साडेनऊला सामसूम होते, साडेअकरापर्यंत जागं राहणं तुम्हाला दीडला जागं होण्यापेक्षा अवघड जाईल. बसून राहा, टेकू नका. खोपीत आडवं व्हायचं नाही. चार वाजल्यानंतर चहा नको. दीडला जाग आली आणि थोड्या वेळात डोळा लागला नाही, तर उठून सोप्यात या, मंद उजेडात दावं वळत बसा. मोबाइल नको, तंबाखू नको, गोठ्यात चक्कर नको. डोळे जड झाले की परत. घड्याळ भिंतीवरून उतरवा, गजर तेवढा ठेवा.

आठवडाभर या सहा तासांतले पाच-सव्वापाच तास झोप लागली, की निजायची वेळ पाव तास अलीकडे घ्या. दर आठवड्याला असंच. पहिले दोन आठवडे दिवसा पेंग येईल, अंग मोडून येईल, माझ्यावर चिडाल. त्या दिवसांत ट्रॅक्टर चालवू नका आणि कडबाकुट्टीला हात लावू नका, ते काम मुलाला किंवा शेजाऱ्याला सांगा. कधी फिट आली असेल किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असतील, तर हे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय सुरूच करू नका. गोळी उतरवायचं आणि हे एकत्र करायचं की पाठोपाठ, तेही त्यांनाच ठरवू द्या.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण मला विचारलीच पाहिजे. त्या साडेतीन तासांत मनात काय चालतं? कारखान्याचं बिल, सोसायटीचं कर्ज, हे कुणालाही आठवतं. पण दिवसाही कशात मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आजच बोला. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्री दीडलाही उचलतात, मराठीत बोलता येतं.

आणि मंडळींचं. चौदा वर्षं तुम्ही उसात होतात तेव्हा त्या घरात झोपलेल्या नसणार. बॅटरीचा उजेड परत येताना दिसेपर्यंत कान दाराकडे असणार. तुम्ही सोप्यात गेलात की तोच जुना घोर पुन्हा जागा होतो. झोपण्यापूर्वी त्यांना सांगून ठेवा की आज उठलो तरी घराबाहेर पाऊल टाकणार नाही. दाराला आतून कडी त्यांच्या हाताने लावू द्या. दोघांनी सकाळी वहीत लिहायचं : कधी निजलो, अंदाजे किती झोपलो, कधी उठलो. रात्री उठून लिहायचं नाही. सहा आठवड्यांनी दोन्ही वह्यांची पानं मला पाठवा.