हरणं खाणार नाहीत असं काहीतरी सांगा!

बागेचं सदर : वाचकांचे प्रश्न

मार्च सरत आला की पत्रांचा ओघ वाढतो. या खेपेला बरीच पत्रं कॅटमिंटबद्दल, म्हणजे पुदिन्याच्या कुळातल्या एका निळ्या फुलांच्या झाडाबद्दल आहेत, म्हणून टोमॅटो आणि कढीपत्त्याचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलले आहेत. मी शिकागोच्या उपनगरात, चिकट मातीत बाग करते. माझा सल्ला त्या हिशेबाने घ्यावा.

प्रश्न : काकू, आम्ही गेल्या वर्षी घर घेतलं. आधीच्या मालकांनी ड्राइव्हवेच्या कडेने होस्टा (रुंद पानांची शोभेची झाडं) लावले होते, ते हरणांनी जूनच्या आतच देठापर्यंत साफ केले. ट्यूलिप तर कळीतच गेले. आम्ही दोघंही नोकरी करतो, आणि दर वर्षी शाळा सुटली की मुलांना घेऊन चार आठवडे सांगलीला जातो. तेव्हा इथे पाणी घालायला कुणी नसतं. जागा भर उन्हाची आहे. हरणं खाणार नाहीत आणि दर वर्षी नव्याने लावावं लागणार नाही असं काहीतरी सांगा.
— एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : होस्टा म्हणजे हरणांसाठी वाढून ठेवलेलं ताट. ते पुन्हा लावू नका, कॅटमिंट लावा.

पानं लहान, करडी-हिरवी आणि लवदार असतात. चुरगाळली की पुदिना आणि निलगिरी यांच्या मधला, जरासा औषधी वास येतो. हरणांना आणि सशांना तो आवडत नाही. मेच्या अखेरीस जांभळट निळे तुरे येतात. थंडीत वरचा भाग वाळतो, मुळं जिवंत राहतात आणि एप्रिलमध्ये बुडातून पुन्हा फुटतात. थंडी किती सोसतं म्हणाल, तर २०१९ च्या जानेवारीत शिकागोच्या ओहेअर विमानतळावर पारा उणे २३ फॅरनहाइटपर्यंत उतरला होता. त्या वसंतात माझे गुलाब गेले, कॅटमिंटला काही झालं नाही. न्यू जर्सीची थंडी त्याच्यापुढे काहीच नाही.

नर्सरीत बहुतेक ठिकाणी 'वॉकर्स लो' ही कॅटमिंटची जात मिळेल. पेरेनियल प्लांट असोसिएशन या बहुवर्षायु झाडांच्या संस्थेने २००७ साली त्याला त्या वर्षीचं झाड म्हणून निवडलं, तेव्हापासून ते सगळीकडे दिसतं. पण 'लो' वाचून लोक ते फरशीला अगदी चिकटून लावतात. हे नाव आयर्लंडमधल्या एका बागेवरून आलंय, उंचीशी त्याचा संबंध नाही. झाड दोन-अडीच फूट उंच होतं आणि तीन फूट पसरतं. आता तुमच्या ड्राइव्हवेचा विचार करा. गाडीचं दार उघडलं की फुलांवर आपटणार, फुलांवर भुंगे आणि मधमाश्या, आणि त्या बाजूने मुलं उतरणार. मधमाश्या खाण्यात गुंग असल्या की कुणाच्या वाटेला जात नाहीत, पण दाराखाली चेंगरल्या तर डंख मारतातच. म्हणून एक तर कडेपासून दोन फूट आत लावा, नाहीतर बुटकी जात घ्या. 'कॅट्स पजामाज' फूट-सव्वा फुटाच्या वर जात नाही. 'सिक्स हिल्स जायंट' तीन फुटांपर्यंत जातं, ते कुंपणाशी शोभेल, ड्राइव्हवेला नको.

दोन रोपांमध्ये अंतर सोडताना हात आखडू नका. वॉकर्स लोला अडीच फूट द्या. पहिल्या वर्षी मधली मोकळी माती डोळ्यांना खुपेल, शेजारी विचारतीलही. तिसऱ्या वर्षी माती दिसणार नाही.

आणि या वर्षी मेमध्ये लावूच नका. एकदा मुळं धरली की चार आठवडे पाण्यावाचून काढणं त्याला जड नाही, पण नुकतंच लावलेलं रोप जुलैच्या उन्हात तुमच्या माघारी वाळेल. सांगलीहून परत या, सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लावा. जमीन गोठायच्या आत मुळांना पुरेसे दिवस मिळतात, ऊन उतरलेलं असतं, आणि अनेक नर्सऱ्या तेव्हा उरलेला माल स्वस्तात काढतात. कुंडीतलं रोप सुकलेलं, पिवळट दिसलं तरी चालेल. मुळं पांढरी आणि घट्ट आहेत ना, एवढं उपसून बघा.

पुढच्या वर्षापासून तुमचं वेळापत्रक त्याला अगदी सोयीचं पडतं. पहिला बहर जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ओसरायला लागतो. विमानात बसायच्या आदल्या शनिवारी सगळं झाड निम्म्याहून जास्त छाटून टाका. फुलं अजून थोडी शिल्लक असतील, जिवावर येईल, तरी छाटा. तुम्ही परत याल तेव्हा नवी पानं आणि दुसरा बहर आलेला असेल. पहिल्याइतका भरघोस नसतो, पण ऑगस्टमध्ये शेजाऱ्यांची बाग करपलेली असताना बराच उठून दिसतो.

प्रश्न : माझं कॅटमिंट मधोमध उघडं पडतं. सगळ्या फांद्या बाहेरच्या बाजूला लोळतात आणि मध्ये टक्कल दिसतं. खत कमी पडतंय का? दर महिन्याला कंपोस्ट घालते, ठिबक रोज सकाळी वीस मिनिटं चालू असतं, गुलाबांना देते ते फुलांचं खतही देते.
— नेपरव्हिल, इलिनॉय

उत्तर : खत कमी नाही पडत हो, अति झालंय! हे झाड मूळचं कॉकेशस, तुर्कस्तान, इराणकडच्या खडकाळ उतारांवरच्या जातींचं. तिथे त्याला कुणी कंपोस्ट घालत नाही. कसदार माती आणि रोजचं पाणी मिळालं की फांद्या भराभर लांब वाढतात, पोकळ आणि लुसलुशीत राहतात आणि फुलांच्या वजनाने आडव्या होतात. खतं बंद करा, सगळीच. ठिबकचं त्या झाडापाशी असलेलं तोंड बुजवून टाका. दिवसाला निदान सहा तास ऊन लागतंय ना तेही बघा, कारण सावलीतलं झाड उन्हाच्या दिशेने झुकून असंच लोळतं.

तुमची आणि माझी माती एकच, ओली असताना बुटाला चिकटणारी आणि ऑगस्टमध्ये भेगा पडणारी. कॅटमिंट ती चालवून घेतं, पण हिवाळ्यात मुळांशी पाणी साचलेलं त्याला चालत नाही. एप्रिलमध्ये झाड फुटलंच नाही तर थंडीला बोल लावू नका, खणून मुळं बघा. काळी, मऊ निघाली तर पाण्याने गेलंय. पुढचं रोप लावताना मातीचा चार बोटं उंच उंचवटा करा आणि लाकडाच्या भुशाचं आच्छादन बुडापासून वीतभर लांब ठेवा.

आता छाटणी. ही लोकांना सगळ्यात घाबरवते. फांद्यांचा जुडगा डाव्या मुठीत धरून उचला, पालक निवडताना धरतो तसा. खाली बुडाशी, जुन्या देठांच्या बेचक्यांत, नखाएवढ्या करड्या पानांचे झुपके दिसतील. तो पुढचा बहर. त्यांच्या दोन बोटं वरून कात्री चालवा. मोठं झाड असेल तर कुंपणाची कात्री घ्या, नाजूक कात्रीने एकेक देठ वेचत बसायचं हे काम नाही. झाड बोडकं दिसेल. आठवडाभर त्याच्याकडे बघू नका, आठ-दहा दिवसांत हिरवं होतं. कात्री मात्र भर दुपारी उचलू नका, झाडावर तेव्हा भुंगे कामावर असतात. संध्याकाळी सातनंतर बरं.

लोळणं पुढच्या वर्षीच टाळायचं असेल तर मेच्या मध्यावर, कळ्या दिसायच्या आधी, वरचा एक तृतीयांश भाग खुडून टाका. बहर थोडा उशिरा येतो, झाड मात्र घट्ट, गोल राहतं. मी स्वतः हे करत नाही. थोडं फरशीवर ओघळलेलं कॅटमिंट मला आवडतं.

शरद ऋतूत छाटू नका. वाळके देठ हिवाळाभर राहू द्यात, बुडाला आधार होतो. एप्रिलमध्ये खाली हिरवं दिसलं की मग काढा.

प्रश्न : पुदिन्याने आमचा अख्खा वाफा खाल्ला, आता तो लॉनमध्ये शिरलाय. कॅटमिंटपण तसंच पसरेल का? आणि चटणी होते का?
— टोरांटो

उत्तर : नाही पसरत. पुदिना जमिनीखालून धावतो, कॅटमिंट एका जागी झुपका करून बसतं. वॉकर्स लोसारख्या संकरित जाती बीही धरत नाहीत. बी पडून जिथे-तिथे उगवतं ते त्याचं भाऊबंद, पांढरट फुलांचं कॅटनिप.

चटणीचा नाद सोडा. चव कडवट, आणि नर्सरीतल्या शोभेच्या रोपांवर काय फवारलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. पुदिना तुमच्याकडे वाफाभर आहेच की!

प्रश्न : शेजारचं मांजर रोज येऊन आमच्या नव्या रोपांवर लोळतं. आमचं स्वतःचं मांजर ढुंकूनही बघत नाही. असं का? आणि रोपं कशी वाचवू?
— मिल्टन कीन्स, इंग्लंड

उत्तर : पानांत नेपेटालॅक्टोन नावाचं द्रव्य असतं. पान मोडलं की त्याचा वास सुटतो, आणि मांजर गाल घासतं, लोळतं, लाळ गाळतं. दहा-पंधरा मिनिटांत नशा उतरते. हे उपजत असतं, काही मांजरांना त्याचं काहीच वाटत नाही, आणि लहान पिल्लांनाही वाटत नाही. तुमचं मांजर त्या बेफिकीर घराण्यातलं दिसतंय. कॅटनिपमध्ये हे द्रव्य भरपूर असतं, बागेतल्या कॅटमिंटमध्ये बहुधा कमी.

जपानमधल्या इवाते विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की मांजरांना अशीच नशा आणणाऱ्या एका वेलीची, सिल्व्हर व्हाइनची, पानं अंगाला घासलेल्या मांजरांवर डास कमी बसतात. तेव्हा शेजारचं मांजर अगदीच वेडेपणा करत नसावं.

मोठ्या झाडाला लोळण्याने काही होत नाही. लहान रोपावर मात्र तारेची जाळी वाकवून घुमटासारखी रोवा, किंवा गुलाबाच्या छाटलेल्या काटेरी फांद्या भोवती खोचा. पान मोडलं की वास वाढतो, म्हणून लावताना रोप हाताळायचं कमी. पहिल्या वर्षानंतर जाळी काढा.

प्रश्न : मुलीकडे मिशिगनला गेले होते तेव्हा हे निळं झाड पाहिलं. येताना बी आणावं म्हणते. पुण्यात गच्चीवर येईल का?
— कोथरूड, पुणे

उत्तर : ताई, बी आणू नका. परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र नसेल तर परदेशी बी भारतात आणता येत नाही. शिवाय मुलीकडचं झाड वॉकर्स लो असेल तर त्याला बी धरतच नाही. पुण्यात ते जून ते सप्टेंबर तग धरणार नाही. दमट हवा आणि ओली माती, दोन्ही त्याच्या मुळावर येतात, आणि हिवाळ्यातली विश्रांती मिळत नाही ती वेगळीच. भारतात या कुळातली झाडं रानात वाढतात ती लडाखसारख्या कोरड्या, थंड भागात.

तसाच निळा रंग हवा असेल तर दिवाळीच्या आधी नर्सरीतून निळ्या साल्व्हियाची रोपं आणा. मार्चपर्यंत फुलतात, देखभालही कमी. मधमाश्यांसाठी तुळस आणि सब्जा यांचे तुरे खुडू नका, येऊ द्या. आणि मांजराची गंमत पाहायची असेल तर कुंड्यांत आपोआप उगवणारी खोकली उपटून तिचं मूळ मांजरापुढे ठेवा. अमेरिकेहून काही आणायची गरज पडणार नाही.

प्रश्न : आमच्या मंडळात मेमध्ये रोपांची अदलाबदल असते. माझं कॅटमिंट चार वर्षांचं, चांगलं थोराड आहे. वाटायला त्याचे तुकडे कसे करू?
— मॅडिसन, विस्कॉन्सिन

उत्तर : कोंब तीन-चार इंचांचे झाले की, म्हणजे तुमच्याकडे एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा. झाड चारी बाजूंनी खणून बाहेर काढा आणि धारदार फावड्याने केकसारखे न कापता कडेकडेने तुकडे तोडा. जोमदार कोंब कडेलाच असतात. मधला जुना, लाकडी गाभा फेकून द्या. प्रत्येक तुकड्याला मूठभर मुळं आणि पाच-सहा कोंब हवेत. दोन आठवडे ओल धरून ठेवा.

तुमच्याकडे एक काळजी जास्त घ्यावी लागते. विस्कॉन्सिनमध्ये आशियाई उड्या मारणारी गांडुळं पसरली आहेत. आपण गांडुळाला शेतकऱ्याचा मित्र म्हणत वाढलो, पण ही जात वरचा पालापाचोळा खाऊन माती कॉफीच्या चोथ्यासारखी भुसभुशीत करून टाकते. त्यांची अंडी मोहरीच्या दाण्याएवढी असतात, मातीतून सहज जातात. म्हणून तुकड्यांची मुळं बादलीत धुऊन, माती पूर्ण काढून, विकतच्या कुंडीमातीत लावा आणि मगच मंडळात न्या. बादलीतलं पाणी तुमच्याच वाफ्यात ओता, गटारात किंवा शेजारच्या जागेत नको. दुसऱ्यांनी आणलेली रोपंही अशीच धुऊन घ्या. कुणी नाक मुरडलं तर माझं नाव सांगा.