क्रूझवरचे नावाजलेले गोड पदार्थ खरंच तेवढे चांगले असतात का?

तुम्ही लिहिलंय की आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होताहेत म्हणून जानेवारीत सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ ठरवली आहे. व्हिडिओत ते पेटतं बेक्ड अलास्का आणि चॉकलेटचा मेल्टिंग केक पाहून आईला फार उत्सुकता लागली आहे. तर हे पदार्थ नावाला जागतात का, हा तुमचा प्रश्न. आणि शेवटच्या ओळीत तुम्ही जाता जाता सांगितलंय की आई अंडं खात नाही. माझ्या दृष्टीने ती ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे, तिच्याकडे येतोच.

मी नागपूरचा. हॉटेल मॅनेजमेंट झाल्यावर जहाजांवर पेस्ट्री विभागात पाच कॉन्ट्रॅक्ट केली, आता प्रतापनगरात माझी छोटी बेकरी आहे. म्हणजे हे पदार्थ मी खाल्लेत त्याच्या शंभरपट केलेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी येतील.

काही पदार्थ जागतात, काही नाही, आणि कोणते जागतील हे जहाजावर पाय ठेवण्याआधीच बऱ्यापैकी सांगता येतं. आपल्या पुरणपोळीचा विचार करा. तव्यावरून थेट पानात पडलेली, वर तुपाची धार, ती एक पोळी. सकाळी करून डब्यात ठेवलेली आणि रात्री मायक्रोवेव्हमधून काढलेली, ती दुसरी. पुरण तेच, हात तोच, तरी खाणाऱ्याला पहिल्या घासात कळतं. जहाजावरच्या गोडाचं सगळं गणित इथेच आहे. त्याला शेवटचा हात कधी लागला? तुम्ही ऑर्डर दिल्यावर, की दुपारी तीन वाजता?

आधी बेक्ड अलास्का, कारण आईच्या मनात तेच आहे. तळाला स्पंज केक, त्यावर घट्ट आईस्क्रीम, आणि सगळं झाकून टाकणारा मेरिंगचा जाड थर. मेरिंग म्हणजे अंड्याचा पांढरा बलक साखर घालून फेटलेला फेस. हा गोळा अतिशय कडक तापलेल्या ओव्हनमध्ये तीन-चार मिनिटं जातो. फेसात अडकलेली हवा उष्णता आत जाऊ देत नाही, म्हणून वरून खमंग तांबूस आणि आत आईस्क्रीम जसंच्या तसं. १८६७ साली अमेरिकेने रशियाकडून ७२ लाख डॉलरला अलास्का विकत घेतलं, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. न्यूयॉर्कच्या डेलमोनिकोज रेस्टॉरंटचे शेफ चार्ल्स रॅनहोफर यांनी १८९४ सालच्या आपल्या पाककृतींच्या ग्रंथात त्याला 'अलास्का, फ्लोरिडा' म्हटलंय. एकाच घासात बर्फाचा प्रदेश आणि उन्हाचा प्रदेश. मला ते नाव आजच्या नावापेक्षा जास्त आवडतं, पदार्थ काय आहे ते दोन शब्दांत सांगून टाकतं.

नीट केलेलं बेक्ड अलास्का उत्तम लागतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जहाजावर ते पदार्थ म्हणून येत नाही, मिरवणूक म्हणून येतं. जेवणाच्या हॉलमधले दिवे मालवतात, संगीत सुरू होतं, वेटर रांगेने केक उंच धरून टेबलांमधून फिरतात आणि लोक नॅपकिन गरगरा फिरवतात. पूर्वी केकवर खरी ज्योत असायची. आता बऱ्याच जहाजांवर बॅटरीचे दिवे लावतात, आणि ते योग्यच आहे. भर समुद्रात आगीइतकं दुसऱ्या कशाचं भय नसतं. म्हणूनच तर प्रवाशांना केबिनमध्ये इस्त्री किंवा मेणबत्ती नेऊ देत नाहीत.

आमच्या जहाजावर मिरवणुकीतला केक टेबलावर कधीच येत नसे. तुमच्या पानात पडणारा तुकडा गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, आधीच कापून, प्लेटमध्ये मांडून ठेवलेला असे. अडीच हजार प्रवासी, दोन पंगती, पहिली सहाच्या सुमाराला आणि दुसरी सव्वाआठला. आम्ही दुपारी दोनपासून लांबलचक पट्ट्या रचायचो, मेरिंग लावायचो, गॅसच्या टॉर्चने भाजायचो आणि परत फ्रीझरमध्ये ढकलायचो. मेरिंगला फ्रीझर मानवत नाही. चार तासांत ते चिवट होतं आणि बाहेर काढलं की अंगावर पाकाचे पिवळसर थेंब सुटतात, घामासारखे. त्यात पाश्चराइज केलेला, म्हणजे जंतू मारण्यासाठी हलका तापवलेला, पांढरा बलक. अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या जहाजांची तिथली आरोग्य यंत्रणा अचानक तपासणी करते, १००पैकी गुण देते आणि ८५ किंवा कमी मिळाले की जहाज नापास. पूर्ण न शिजणाऱ्या पदार्थात कच्चं अंडं वापरायचं नाही हा त्यातलाच नियम, आणि तो हवाच. पण पाश्चराइज बलक फुगायला वेळ घेतो आणि फेस थोडा नाजूकच राहतो, हेही खरं.

एका रात्री कॅप्टनचं भाषण लांबलं. प्लेटा मांडून झालेल्या, मिरवणूक थांबलेली, वीस मिनिटं गेली. मी पँट्रीच्या दाराशी उभा राहून बघत होतो. स्पंजखालून पांढरं तळं हळूहळू पसरत प्लेटच्या काठाला लागलं. मी शेफला म्हणालो, या प्लेटा मागे घेऊ, दुसरा पर्याय देऊ. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि प्लेटा बाहेर गेल्या. मला त्या रात्री फार वाईट वाटलं होतं, अजूनही आठवलं की वाटतं. आयुष्यात एकदाच जहाजावर आलेली माणसं होती त्यात.

परत येणाऱ्या प्लेटा बघायची सवय मला तिथे लागली. म्हणजे तशी घरूनच होती. आमच्या गावाकडे लग्नाच्या पंगती उठल्या की माझी आजी पत्रावळींवरून नजर फिरवायची. बुंदी उरली की आचाऱ्याला विचारायची, जिलेबी उरली की स्वतः एक तोंडात टाकून बघायची. जहाजावर बेक्ड अलास्काच्या प्लेटा परत यायच्या तेव्हा मेरिंगची साल एका बाजूला काढून ठेवलेली असायची. आणि मेल्टिंग केकच्या वाट्या? चमच्याने खरवडून स्वच्छ.

मेल्टिंग केकची कीर्ती झाली ती मुख्यतः कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या जहाजांमुळे, आणि ती खोटी नाही. चॉकलेट, लोणी, अंडी, साखर आणि नावापुरता मैदा. हे मिश्रण चिनी मातीच्या छोट्या वाट्यांत ओतून थंड ठेवता येतं, त्याला काही होत नाही. ऑर्डर आली की वाटी ओव्हनमध्ये. कडा आणि वरचा पापुद्रा शिजतो, मधला भाग वाहता राहतो. वाटीच इतकी तापलेली असते की गॅलीतून टेबलापर्यंत येताना केक निवत नाही, उलट जरा आणखी शिजतो. सोबत व्हॅनिला आईस्क्रीमचा गोळा. हजारो माणसांच्या स्वयंपाकघरासाठी याहून शहाणा पदार्थ मी पाहिलेला नाही. वाढून आल्यावर लगेच, मधोमध चमचा घालून खायचा. फोटो काढत बसलात तर मधला रस आळतो.

सूफ्लेबद्दल, म्हणजे फेटलेल्या अंड्याच्या फेसाचा ओव्हनमध्ये फुगवलेला हलका गोड पदार्थ, त्याबद्दल मात्र मी हळवा आहे. संत्र्याच्या लिक्यरचं (गोड मद्याचं), ग्राँ मार्निएचं सूफ्ले हा जहाजांवरचा जुना मानाचा पदार्थ. नागपूरचा माणूस, संत्र्याचं नाव निघालं की कान टवकारणारच. त्या लिक्यरमध्ये कडवट जातीच्या संत्र्याची साल आणि कोन्याक ही फ्रेंच ब्रँडी असते. आपल्या संत्र्यासारखा मोकळा आंबटगोडपणा त्यात नाही. त्याचा कडवटपणा जिभेच्या मागच्या बाजूला राहतो आणि अंड्याच्या गोडसर वासाला बरोबर तोडतो. पण सूफ्ले फुगतं ते गरम हवेवर आणि वाफेवर. ओव्हनबाहेर काढलं की काही मिनिटांत बसतं. गॅली एका डेकवर, तुमचं टेबल दुसऱ्या डेकवर, वेटरच्या हातात दहा ताटांचा ट्रे. मुख्य डायनिंग रूममध्ये ते तुमच्यासमोर येईपर्यंत निम्मं खाली गेलेलं असतं. वेगळे पैसे घेणारी छोटी रेस्टॉरंट असतात तिथे खावं, तिथे ते एका टेबलासाठी केलेलं असतं. मी ते तिथेच एकदा खाल्लं, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या पैशाने, आणि पैसे वसूल झाले.

टेबलाजवळ रम किंवा ब्रँडी पेटवून केलेले बनाना फॉस्टर, चेरीज ज्युबिली हे प्रकार आता क्वचित दिसतात, कारण तेच, आग. केळ्याचा पहिला न्यू ऑर्लिन्सच्या ब्रेनन्स रेस्टॉरंटमधला, १९५१चा. मिळालाच तर जरूर खा, पण आईबाबांना चालत नसेल तर त्यात दारू आहे हे लक्षात असू द्या. मध्यरात्रीचे ते बर्फाच्या मूर्तींचे आणि चॉकलेटच्या डोंगरांचे बुफे तर बऱ्याच कंपन्यांनी बंदच केलेत. मला त्याचं दुःख नाही. त्यातलं निम्मं अन्न बघण्यासाठी असायचं.

रोजच्या बुफेवर काचेत रंगीत चौकोनी तुकडे मांडलेले असतात. दिसायला वीस प्रकार, चवीला तीन. एकच मूस (मलईचा फेसाळ गोड पदार्थ), वर आंब्याची, स्ट्रॉबेरीची किंवा कॉफीची चकचकीत जेली. त्याच बुफेच्या कोपऱ्यात मोठ्या ट्रेमध्ये ब्रेड पुडिंग असतं, तपकिरी, ओबडधोबड, कुणी फोटो काढत नाही असं. ते गरम असेल तर तेच घ्या. उरलेला चांगला पाव, दूध, अंडी, मनुका, वर कस्टर्ड. मोठ्या भांड्यात केल्याने बिघडत नाही, उलट सुधारतं, आपल्याकडे मोठ्या कढईतला शिरा जसा चांगला होतो तसं.

ही कीर्ती आली कुठून असं मला नेहमी वाटायचं. जुन्या अटलांटिक जहाजांच्या पहिल्या वर्गातून आली असणार. टायटॅनिकवर १४ एप्रिल १९१२च्या रात्री पहिल्या वर्गाच्या जेवणात वॉल्डॉर्फ पुडिंग, शार्त्रूझ या फ्रेंच लिक्यरच्या जेलीतले पीच, चॉकलेट-व्हॅनिला एक्लेअर आणि फ्रेंच आईस्क्रीम होतं. त्या वर्गात प्रवासी होते सव्वातीनशेच्या आसपास. आजचं 'आयकॉन ऑफ द सीज' पूर्ण भरलं तर ७,६०० प्रवासी नेतं. नाव त्या काळचं चालत आलंय, पंगत मात्र कितीतरी पटींनी वाढली.

आता आई. वर लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात अंडं आहे, आणि जिथे नाही तिथे जिलेटिन असू शकतं. मूस, चीजकेक, पॅनाकोटा, जेली यांत ते सर्रास असतं आणि ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात. मेनूकार्डावर शाकाहारीचं हिरवं पान दिसलं म्हणून खात्री धरू नका, जिलेटिनबद्दल वेगळं विचारा. बुकिंग करणाऱ्याला आत्ताच लेखी कळवा, 'शाकाहारी, अंडं नाही, जिलेटिन नाही' असं तीन वेगवेगळे शब्द लिहून. पहिल्या संध्याकाळी हेड वेटरला भेटा आणि दुसऱ्या दिवशीचा मेनू आदल्या रात्री दाखवायला सांगा. अशा प्रवाशांसाठी ते हे आनंदाने करतात, आणि गॅलीत वेळेवर निरोप आला की आम्हीही मनापासून करायचो. सिंगापूरहून भारतीय प्रवासी भरपूर असतात, त्यामुळे गुलाबजाम, खीर मिळण्याची शक्यता चांगली आहे. पण आई त्यासाठी एवढ्या लांब जात नाहीये, हे मला कळतं.

म्हणून एक सुचवतो. बेक्ड अलास्का आईला घरीच खाऊ घाला. माझ्या आईला तिच्या पासष्टीला मी केलं होतं, मे महिन्यात, बाहेर ४५ अंश. तीही अंडं खात नाही. काबुली चणे शिजवलेलं पाणी आटवून अंड्याच्या पांढऱ्या बलकाइतकं दाट करायचं, गार करायचं, लिंबाचे थेंब घालून दहा मिनिटं फेटायचं आणि मग साखर थोडी थोडी. त्याचा शुभ्र, घट्ट फेस होतो. ही युक्ती २०१४च्या सुमाराला एका फ्रेंच माणसाला सापडली. बिनअंड्याचा केक, त्यावर संत्रा बर्फीचा चुरा, वर दिनशॉजचं व्हॅनिला आईस्क्रीम दगडासारखं गोठवलेलं, आणि वर हा फेस. ओव्हनमध्ये ठेवू नका, चण्याचा फेस तिथे बसतो. गॅसच्या टॉर्चने वरून भाजा, ताट फिरवत, टोकं तांबूस होईपर्यंत, आणि तिथल्या तिथे कापा. आई टॉर्चकडे बघत म्हणाली, "अरे, आईस्क्रीम जाळून राहिला का तू?" मग पहिला घास घेतला आणि ताट पुढे केलं, आणखी एका तुकड्यासाठी.

क्रूझवर मिरवणूक निघाली की आईला नॅपकिन फिरवू द्या, ती गंमत खरीच आहे. मेल्टिंग केक मेनूवर असेल तर तुम्ही आणि बाबा घ्या. आणि तो ईमेल आज पाठवा, जानेवारीत गर्दी असते.