वडिलांनी गुन्हा कबूल केला होता. आता काय करता येईल?

प्रश्न : माझे वडील इंग्लंडमध्ये किराणा दुकान आणि त्यातच पोस्टाचा काउंटर चालवत असत. २००७ साली हिशेबात २३ हजार पौंडांची तूट दाखवून पोस्ट ऑफिसने त्यांच्यावर चोरीचा आणि खोटे हिशेब लिहिल्याचा खटला भरला. आईचे दागिने विकून आम्ही रक्कम भरली, वडिलांनी खोट्या हिशेबाचा गुन्हा कबूल केला आणि चोरीचा आरोप मागे घेतला गेला. २०१५ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले, मृत्युपत्र नाही. पोस्टाच्या संगणकप्रणालीतील दोष आणि त्यावरून झालेले खटले तपासणाऱ्या चौकशी आयोगापुढे जावे असे मला वाटते, पण आई म्हणते, "सही त्यांनीच केली होती, आता कुणाला काय सांगणार?"

उत्तर : आपल्या आईंच्या शंकेपासूनच सुरुवात करतो, कारण ती शंका मनात असेपर्यंत बाकीची कागदपत्रे हलणार नाहीत. वडिलांनी सही नेमकी कशावर केली होती, हे त्यांना समजावून सांगा. फुजित्सू कंपनीची 'होरायझन' ही संगणकप्रणाली जी शिल्लक दाखवी ती आणि गल्ल्यातली रोकड यांचा मेळ घालून दर महिन्याच्या विवरणपत्रावर काउंटर चालवणाऱ्याला सही करावी लागे. सही झाल्याशिवाय पुढचा व्यवहार सुरू करता येत नसे. तूट दिसली की ती खिशातून भरा, असा पोस्टाचा आग्रह असे, आणि मदतीसाठी फोन केला तर असा त्रास तुम्हालाच होतो आहे, असे अनेकांना सांगण्यात आले. अशा वेळी काउंटर बंद पडू नये म्हणून पडद्यावरचा आकडा गल्ल्यात आहे असे लिहून देणे, एवढ्यालाच १९६८ च्या चोरीविषयक कायद्याच्या कलम १७ खाली खोटा हिशेब ठरवले जाई. पैसे घेतल्याची ती कबुली नव्हती, हे आईंना ठामपणे सांगावे.

मुळात तो आकडाच किती बेभरवशाचा होता याचे एक उदाहरण देतो. स्कॉटलंडमधील डॅलमेलिंग्टन येथे २०१५ साली आठ हजार पौंडांच्या रोकडीची नोंद करताना पडदा अडकला, बटण पुन्हा पुन्हा दाबले गेले आणि एकच नोंद चार वेळा चढली. एक पौंडही न हलता कागदावर २४ हजारांची तूट उभी राहिली. असे दोष खरेच होते, यावर इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये, पोस्ट ऑफिसविरुद्ध ५५५ जणांनी केलेल्या दाव्यात, शिक्कामोर्तब केले. पुढे २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने ३९ जणांची दोषसिद्धी रद्द केली. त्यांतल्या अनेकांनी, तुरुंग टाळण्यासाठी, आपल्या वडिलांप्रमाणेच गुन्हा कबूल केलेला होता. ती कबुली त्यांच्या आड आली नाही.

आपल्याला आता अपीलही करावे लागणार नाही. २४ मे २०२४ रोजी संमत झालेल्या कायद्याने इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधील अशा दोषसिद्धी थेट रद्द केल्या आहेत. कथित गुन्हा २३ सप्टेंबर १९९६ ते ३१ डिसेंबर २०१८ या काळातला, पोस्टाच्या कामाशी संबंधित आणि होरायझन वापरात असतानाचा असावा, खटला पोस्ट ऑफिसने किंवा सरकारी अभियोग विभागाने भरलेला असावा, या मुख्य अटी आहेत. आपण लिहिलेल्या हकिकतीवरून त्या पूर्ण होताना दिसतात. तरी आरोपपत्र एकदा पाहून घ्या, कारण सामाजिक भत्त्यांच्या खात्याने भरलेले खटले आणि अपील न्यायालयाने पूर्वीच कायम ठेवलेली प्रकरणे यातून वगळली आहेत. आरोपी हयात नसला तरी कायदा लागू होतो, आणि दोषसिद्धी रद्द झाल्याची नोटीस त्याच्या इस्टेटीच्या कायदेशीर प्रतिनिधीला मिळते.

चौकशी आयोगाकडून मात्र आपली जी अपेक्षा आहे ती पुरी होणार नाही. सर विन विल्यम्स यांच्या आयोगाने साक्षी ऐकण्याचे काम डिसेंबर २०२४ मध्ये संपवले, आणि २००५ च्या चौकशी कायद्यानुसार कोणाचीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी ठरवण्याचा अधिकार आयोगाला नाही. जुलै २०२५ मध्ये आलेला त्यांच्या अहवालाचा पहिला खंड आपण जरूर वाचावा. जवळच्या कुटुंबीयांनाही भरपाई मिळावी ही त्यातील शिफारस आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

दोषसिद्धी रद्द झालेल्यांच्या भरपाईसाठी वेगळी योजना आहे. एकरकमी सहा लाख पौंड घ्यायचे किंवा नुकसानीचे पूर्ण मूल्यमापन मागायचे, असे दोन मार्ग तिच्यात आहेत. दुकान हातचे गेले असेल, घर विकावे लागले असेल, तर हिशेब मांडल्याशिवाय पहिला मार्ग धरू नका.

त्याआधी इंग्लंडच्या प्रोबेट कार्यालयातून इस्टेटीचे प्रशासनपत्र, म्हणजे मृत्युपत्र नसताना मृताच्या मालमत्तेचा कारभार पाहण्याचा अधिकार देणारा दाखला, काढावा लागेल. आई पुण्यात असतील तर त्यांच्या कुलमुखत्यारपत्रावर आपण अर्ज करू शकता. वडील पुण्यात कायमचे राहायला आले होते की तात्पुरते, हा प्रश्न येथे निघेल, कारण वारसांचे हिस्से कोणत्या देशाच्या कायद्याने पडतील ते त्यावर ठरते. हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला तर पत्नी आणि मुलांना समान वाटा मिळतो. इंग्लंडच्या कायद्यात आधी एक मोठी ठरावीक रक्कम पत्नीला जाते आणि मग उरलेल्याची वाटणी होते. भावंडांशी हे आधीच बोलून घ्या.

कागद शोधताना पोस्टाला भरलेल्या रकमेच्या पावत्या, तेव्हाच्या वकिलांची पत्रे आणि सोनाराची पावती पहिल्यांदा पाहा. सोनाराची पावती सापडली नाही तर कोणते दागिने, कधी आणि किती रुपयांना किंवा पौंडांना विकले, हे आईंना आठवेल तसे त्यांच्याच शब्दांत, मराठीतच, लिहून घ्या आणि खाली तारीख घालून त्यांची सही घ्या. भाषांतर नंतर करता येते.