मुलांशेजारच्या सीटसाठी पैसे भरावेत का?

नमस्कार.

आपल्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. मे महिन्यात आपण उभयता, नऊ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि 67 वर्षांच्या सासूबाई असे पाच जण पुण्याहून थेट विमानाने दिल्लीला जाऊन पुढे हिमाचलात फिरणार आहात. तिकीट काढताना प्रत्येक सीटच्या निवडीसाठी 350 रुपये मागितले जात आहेत, म्हणजे जाण्यायेण्याचे मिळून 3,500 रुपये, आणि ते भरले नाहीत तर मुले आपल्यापासून लांब बसवली जातील अशी आपल्याला धास्ती वाटते. दुसरा पर्याय सीट आणि जेवण धरून असलेल्या तिकिटाचा आहे. ते माणशी दर फेरीला 700 रुपयांनी महाग पडते. शिवाय जाताना पाच तिकिटे एकदम मागितली तर दर 6,900 रुपये दिसतो आणि तीनच मागितली तर 6,400 रुपये दिसतो. त्यामुळे सासूबाई आणि दोन्ही मुले एका बुकिंगवर आणि आपण दोघे दुसऱ्या बुकिंगवर घ्यावे का, असेही आपण विचारले आहे.

या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच मुद्द्यावर अवलंबून आहे: नियमानुसार जे आपल्याला मिळायलाच हवे त्यासाठी पैसे मोजू नयेत, आणि नियम जिथे संपतो तिथे मात्र ते जरूर मोजावेत.

नियम असा आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, एप्रिल 2024 मध्ये विमान कंपन्यांना निर्देश दिले की 12 वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, प्रवास करणाऱ्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकासोबत सीट दिली पाहिजे आणि त्याची नोंदही ठेवली पाहिजे. पसंतीच्या सीटसाठी शुल्क घेण्याची मुभा कंपन्यांना आहे, पण ती सेवा प्रवाशाने स्वतःहून निवडली तरच; ज्याने सीट निवडलेली नाही त्याला कंपनीने आपणहून, विनाशुल्क सीट द्यायची असते. तिकीट काढताना सीटच्या नकाशावर प्रत्येक चौकोनापुढे किंमत लिहिलेली असते, त्यामुळे पैसे भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात ते पान वगळून पुढे जाता येते. फक्त वगळण्याचे बटण लहान अक्षरांत, कोपऱ्यात असू शकते, म्हणून ते शांतपणे शोधावे.

हा नियम केवळ मुलांच्या हट्टासाठी केलेला नाही, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. केबिनमधला हवेचा दाब कमी झाला तर मोठ्यांनी आधी स्वतःचा ऑक्सिजन मास्क लावून मग शेजारच्या मुलाला लावायचा असतो, आणि मूल चार रांगा मागे असेल तर ही सूचनाच निरर्थक ठरते. विमानाला उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र मिळण्यासाठी निम्मे दरवाजे बंद असतानाही सगळे प्रवासी 90 सेकंदांत बाहेर पडू शकतात हे दाखवावे लागते, आणि त्या 90 सेकंदांत आई मुलाला शोधत प्रवाशांच्या लोंढ्याच्या उलट दिशेने निघाली तर तिच्यासह इतरांचाही जीव धोक्यात येतो. म्हणून मुलांशेजारची सीट ही हक्काची बाब समजावी आणि काउंटरवर ती मागताना जराही संकोच करू नये.

आता नियमाच्या मर्यादा पाहू, कारण पैशाचा निर्णय तिथेच होतो. नियमाने हमी दिली आहे ती 'किमान एका' पालकाची. पाचही जण एका ओळीत बसतील, मुलीला खिडकी मिळेल किंवा सासूबाईंना हवी तिथे जागा मिळेल, असे तो कुठेही म्हणत नाही. आणि ही हमी 'त्याच पीएनआरवर' असलेल्यांपुरतीच आहे. मुले आजींच्या पीएनआरवर गेली तर कंपनीच्या संगणकाच्या दृष्टीने आपण दोघे त्या मुलांचे कोणीच नसता. तो मुलांची जोडी लावणार ती आजींशी, आणि आजींना 'पालक' धरायचे की नाही हा वाद आयत्या वेळी काउंटरवर घालत बसणे आपल्याला परवडणारे नाही.

तरीही तिकिटे विभागून काढण्याची आपली कल्पना मला टाकाऊ वाटत नाही. फक्त माणसांची वाटणी बदला. एकाच विमानात दरांचे अनेक टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यात मोजक्याच जागा असतात. खालच्या टप्प्यात तीनच जागा उरल्या असताना पाच मागितल्या, तर पाचही जागा वरच्या दराने दाखवल्या जातात. म्हणून आपण आणि दोन्ही मुले अशी तीन तिकिटे आधी 6,400 रुपयांनी काढा आणि लगेच त्याच विमानाची आपले यजमान व सासूबाई यांची दोन तिकिटे 6,900 रुपयांनी काढा. एकूण 34,500 रुपयांऐवजी 33,000 रुपये लागतील, 1,500 रुपये वाचतील आणि नियमाचे संरक्षणही पूर्ण राहील, कारण दोन्ही मुले आईच्याच पीएनआरवर असतील. यात एक धोका आहे: विमान रद्द झाले किंवा वेळ बदलली तर दोन पीएनआरचा विचार स्वतंत्रपणे होतो आणि आपली सोय वेगवेगळ्या विमानांत लागू शकते. थेट विमान असल्याने 1,500 रुपयांसाठी मी हा धोका पत्करेन. वाटेत विमान बदलायचे असते तर पत्करला नसता. परतीच्या दरात फरक दिसत नसल्याने ते बुकिंग पाचही जणांचे एकत्रच ठेवा.

सीटवर पैसे खर्च करायचे ते सासूबाईंसाठी. गुडघ्याच्या दुखण्यामुळे त्यांना मधूनमधून उठावे लागते, असे आपण लिहिले आहे. त्यांच्यासाठी मार्गिकेलगतची, म्हणजे आइल सीट दोन्ही फेऱ्यांना घ्या. त्याचे 700 रुपये होतात आणि ते सत्कारणी लागतील, कारण ही जागा कोणताही नियम त्यांना देणार नाही. मात्र ती आजच घेऊ नका. बहुतेक कंपन्यांच्या अटींनुसार प्रवाशाने तिकीट रद्द केले तर सीटचे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून बेत पक्का झाल्यावर, पण मागच्या रांगाच तेवढ्या उरण्याआधी ती घ्यावी.

आपल्या आणि मुलांच्या सीटबाबत मी सांगेन की तिन्ही घ्या किंवा एकही घेऊ नका. फक्त स्वतःची सीट विकत घेऊन ठेवली आणि शेजारच्या दोन्ही जागा दुसऱ्या कोणी घेतल्या, तर आपली गाठ आपणच अवघड करून ठेवल्यासारखे होईल. चार वर्षांची मुलगी पहिल्यांदाच विमानात बसणार असेल आणि महिनाभर याच काळजीने आपली झोप उडणार असेल, तर तीन सीटचे एका फेरीचे 1,050 रुपये भरायला माझी हरकत नाही. ते मनःशांतीसाठी भरलेले पैसे आहेत, हे मात्र आपल्याला ठाऊक असावे. माझे स्वतःचे मत न भरण्याचे आहे.

सीट आणि जेवण धरून असलेल्या तिकिटाचा पर्याय आपल्यासाठी नाही. त्याचे दहा प्रवासांचे 7,000 रुपये होतात आणि आपण तर मुलांसाठी घरचा डबा नेणार आहात. तारीख बदलण्याची शक्यता असती तर अशा तिकिटातली तारीख-बदलाची सवलत कामाची ठरली असती.

कॅनडात मुलांच्या सीटसाठी वेगळे नियम आहेत, असे आपल्या टोरांटोच्या नणंदबाई सांगतात ते बरोबर आहे. तिथे डिसेंबर 2019 पासून वयानुसार नियम आहेत: पाच वर्षांखालील मूल पालकाच्या अगदी शेजारी, 5 ते 11 वर्षांचे त्याच रांगेत, फार तर एक सीट सोडून, आणि 12 व 13 वर्षांचे फार तर एका रांगेच्या अंतरावर, तेही जादा शुल्क न घेता. आपल्याकडच्या नियमात अशी वयाची बारकाई नाही, ती असायला हवी असे मला मनापासून वाटते.

बुकिंग करताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा. देशांतर्गत प्रवासात दोन वर्षांवरील मुलांचे भाडे बहुतेक वेळा मोठ्यांइतकेच असते, त्यामुळे अनेक जण, कधी कधी एजंटसुद्धा, मुलांची नावे प्रौढांच्या रकान्यात टाकून मोकळे होतात. पैशात फरक पडत नाही, पण मग त्या पीएनआरवर मूल आहे हे यंत्रणेला कळतच नाही आणि नियम लागू होण्याचा आधारच निघून जातो. मुलांची नोंद मुलांच्याच रकान्यात, विचारल्यास जन्मतारखेसह करा.

वेब चेक-इन, म्हणजे कंपनीच्या संकेतस्थळावरून प्रवासाची नोंद पक्की करणे, बहुतेक भारतीय कंपन्यांकडे उड्डाणाच्या 48 तास आधी सुरू होते. ते सुरू होताच करून घ्या आणि सीट कोणत्या मिळाल्या ते पाहा. मुले वेगळी पडलेली दिसली तर पैसे भरून दुरुस्ती करू नका. आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला पीएनआर आणि मुलांची वये कळवा, आणि तेवढ्याने भागले नाही तर विमानतळावर लवकर पोहोचून काउंटरवर डीजीसीएच्या निर्देशाचा उल्लेख करून सीट बदलून मागा. तरीही पैसे भरायला लावले, तर पावती जपून ठेवा, कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, लेखी तक्रार करा आणि समाधान न झाल्यास नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तीच तक्रार पावतीसह नोंदवा.