जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीला दिसलेली दीर्घिका किती जुन्या काळातली आहे, हे कशावरून ठरवतात?

तिचा प्रकाश विश्वाच्या प्रसरणामुळे किती ताणला गेला, म्हणजे ताम्रसृती किती, त्यावरून ठरवतात. पण खात्रीसाठी फोटो पुरत नाही, वर्णपटच लागतो, म्हणजे कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश आहे याची नोंद. वाटेतला उदासीन हायड्रोजन 0.1216 मायक्रॉनपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश जवळजवळ सगळा शोषून घेतो, त्यामुळे वर्णपट तिथे एकदम तुटतो. जेड्स-जीएस-झेड14-0 या दीर्घिकेत ही कडा 1.86 मायक्रॉनजवळ सापडली. 1.86 ला 0.1216 ने भागा, 15.3 येतात, त्यातून 1 वजा केला की ताम्रसृती 14.3. म्हणजे हा प्रकाश महास्फोटानंतर सुमारे 30 कोटी वर्षांनी निघालेला. वेबच्या निअरकॅम या कॅमेऱ्याच्या एका फिल्टरमध्ये दीर्घिका गायब आणि त्यापुढच्या, जास्त तरंगलांबीच्या फिल्टरमध्ये हजर, एवढ्यावरून ती फक्त 'उमेदवार' ठरते. फसगत इथेच होते, कारण भरपूर धूळ आणि ठळक उत्सर्जन रेषा (वायूतून ठरावीक तरंगलांबीला येणारा तेजस्वी प्रकाश) असलेली बरीच जवळची दीर्घिकाही फोटोत तशीच दिसते. सीईईआरएस-93316 या दीर्घिकेची ताम्रसृती फोटोंवरून 16 च्या पुढे धरली होती. वेबच्याच निअरस्पेक या उपकरणाने वर्णपट घेतल्यावर ती 4.9 निघाली. बातमी वाचताना म्हणूनच आधी 'वर्णपट घेतला का' हे पाहावं. अर्थात वर्णपटातली कडाही जरा पुसट असते. वर सांगितलेल्या दीर्घिकेचा वेबने दिलेला आकडा 14.32 होता, चिलीतल्या अल्मा दुर्बिणीला ऑक्सिजनची रेषा सापडल्यावर 2025 मध्ये तो 14.18 झाला. रेषा मिळाली तर तीच जास्त भरवशाची.