फॉर्म बी मिळाल्यानंतरही ऑफिससाठी आगीच्या जोखमीचे मूल्यमापन वेगळे करावे लागते का?

आपण लिहिले आहे की पुण्यातील एका नऊ मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर साठेक जणांचे आपले भाड्याचे ऑफिस आहे, इमारतीला नुकताच अग्निसुरक्षा यंत्रणेचा फॉर्म बी मिळाला आहे आणि तरीही ब्रिटनमधील ग्राहक 'फायर रिस्क असेसमेंट'चा, म्हणजे आगीच्या जोखमीच्या मूल्यमापनाचा, अहवाल मागतो आहे. मी व्यावसायिक इमारतींच्या देखभालीचे काम करतो आणि दोन्ही प्रकारची कागदपत्रे नेहमी हाताळतो. माझे उत्तर असे की, मूल्यमापन वेगळे करावे लागते आणि आपल्यासारख्या ऑफिसचे ते बऱ्याच अंशी आपले आपल्याला करता येते.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार परवानाधारक एजन्सी दर सहा महिन्यांनी, म्हणजे जानेवारी आणि जुलैमध्ये, इमारतीत बसवलेली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणित करते. तोच फॉर्म बी. त्यात पंप, पाइप, अलार्म, सिलिंडर यांची स्थिती कळते, परंतु आपल्या मजल्यावर आग कोठे लागू शकते आणि लागलीच तर धूर भरण्यापूर्वी साठ माणसे खाली उतरू शकतील का, हा प्रश्न त्यात कोणी विचारलेलाच नसतो. इंग्लंड-वेल्समध्ये २००५ च्या अग्निसुरक्षा आदेशाने नेमका हाच प्रश्न प्रत्येक कामाच्या जागेच्या जबाबदार व्यक्तीवर टाकलेला आहे, म्हणून तेथील ग्राहकाला फॉर्म बी पुरेसा वाटत नाही, आणि माझ्या मते त्याचे बरोबर आहे.

सुरुवात जिन्यापासून करावी, सिलिंडरपासून नव्हे. सर्वांत आतल्या टेबलापासून जिन्याच्या दारापर्यंतचे अंतर टेप लावून मोजावे. ते टेबलांना आणि पार्टिशनांना वळसे घालून प्रत्यक्ष चालावे लागणारे अंतर हवे, नकाशावरची सरळ रेघ नव्हे. राष्ट्रीय इमारत संहितेत कार्यालयांसाठी हे अंतर साधारण ३० मीटरपर्यंत धरले आहे, आणि बाहेर पडण्याचे दार किमान एक मीटर रुंद असावे लागते. मग दुसऱ्या जिन्याकडे जावे. तो नकाशात असतो. प्रत्यक्षात चोरीच्या भीतीने त्याला कुलूप असते, किंवा तेथे जुन्या खुर्च्या आणि प्रिंटरची खोकी रचलेली असतात. जिन्याचे आगरोधक दार धूर अडवण्यासाठी आपोआप मिटायला हवे, पण ये-जा सोपी व्हावी म्हणून ते उघडे ठेवलेले आढळते, आणि त्याला टेकण म्हणून लावलेला असतो तो अग्निशामक सिलिंडरच! कार्ड दाखवून उघडणारे चुंबकीय कुलूप असेल तर अलार्म वाजताच आणि वीज जाताच ते सुटते का, हे प्रत्यक्ष अलार्म वाजवून पाहावे. विक्रेत्याच्या तोंडी खात्रीवर राहू नये.

हा सारा खटाटोप कशासाठी, ते मुंबईच्या कमला मिल आवारातील २९ डिसेंबर २०१७ च्या आगीने दाखवून दिले आहे. तेथे चौदा जण दगावले आणि त्यांतील अनेकांनी बाहेरची वाट न सापडल्याने स्वच्छतागृहाचा आसरा घेतला होता; त्यांचा जीव धुराने घेतला.

आग कोठे लागेल याचा विचार ऑफिसमध्ये तुलनेने सोपा असतो: यूपीएसच्या बॅटऱ्या, सर्व्हरची खोली, पॅन्ट्री, रात्रंदिवस चालणारे एसी आणि एका एक्स्टेन्शन बोर्डाला जोडलेला दुसरा बोर्ड. ती पसरेल कशी, हे मात्र बारकाईने पाहावे. मंत्रालयात २१ जून २०१२ रोजी चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांपर्यंत गेली आणि पाच जणांचा बळी गेला. आपल्या मजल्यावरील विजेच्या डक्टचे, म्हणजे केबल मजल्यामजल्यांतून नेणाऱ्या उभ्या पोकळीचे, दार उघडून केबल ज्या भोकातून वर जातात ते आगरोधक मसाल्याने बुजवलेले आहे का ते पाहावे. नवे इंटरनेट जोडताना कोणीतरी ते फोडतो आणि पुन्हा बुजवत नाही, असा अनुभव जवळपास प्रत्येक इमारतीत येतो.

पंपघर मालकाच्या ताब्यात असले तरी एकदा तेथे जाण्याची परवानगी मागावी. पॅनेलवरील स्विच 'ऑटो'वर आहे की 'मॅन्युअल'वर, एवढे एकच पाहिले तरी पुष्कळ कळते. पाइपलाइनमध्ये बारीक गळती असली की दाब उतरून जॉकी पंप (पाइपमधील दाब टिकवणारा छोटा पंप) रात्रभर चालू-बंद होत राहतो, आवाजाला कंटाळून कोणीतरी स्विच मॅन्युअलवर फिरवतो, आणि त्या क्षणापासून प्रमाणपत्र वैध असले तरी यंत्रणा झोपलेली असते. शक्य असल्यास सर्वांत वरच्या मजल्यावरील हायड्रंट, म्हणजे आग विझवण्याच्या पाण्याचा नळ, आपल्यासमोर उघडून घ्यावा, कारण दाब कमी पडला तर तो तेथे पडतो.

सिलिंडरच्या बाबतीत पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात असावा, पिन आणि सील शाबूत असावे. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटाच नसतो, म्हणून त्याचे वजन करावे लागते. आतील वायू दहा टक्क्यांहून अधिक घटला असेल तर तो पुन्हा भरून घ्यावा. नवे स्टिकर म्हणजे वजन केल्याचा पुरावा नव्हे.

अहवाल चार-पाच पानांचा पुरतो. त्यात आढळलेली प्रत्येक त्रुटी, तिने कोणाला धोका आहे, ती कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत दूर करणार, एवढे असावे. गरोदर सहकारी, चालण्यास अडचण असलेली व्यक्ती, रात्रपाळीचा सुरक्षारक्षक यांना खाली कोण आणणार, हे पदनामासह लिहावे. जिना, पंप आणि डक्टच्या बाबी मालकाला लेखी कळवून पोच घ्यावी, कारण वरील कायद्यात यंत्रणेची जबाबदारी प्रथम मालकावर आहे. सहा महिन्यांतून एकदा घेतलेल्या, इमारतीबाहेर पडण्याच्या कवायतीची तारीख आणि लागलेला वेळही नोंदवावा. खालच्या मजल्यावर रसायनांचा साठा किंवा मोठे स्वयंपाकघर असेल तर मात्र हे काम जाणकार अग्निसुरक्षा सल्लागाराकडे सोपवावे. एरवी आपला अहवाल आणि त्याला जोडलेली फॉर्म बीची प्रत आपण ग्राहकाला पाठवू शकता.