आजेसासूबाईंची पैठणी किती जुनी?

प्रश्न : आजेसासूबाईंची जांभळी नऊवारी पैठणी माझ्याकडे आली आहे. घरात सगळे सांगतात, दीडशे वर्षांची आहे. खरंच असेल का? कसं ओळखायचं? पदराला घडीवर उभी चीर गेली आहे, तिचं काय करू? सोबत चार फोटो पाठवते.
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : ताई, चारही फोटोंत पैठणीची सुलटी बाजूच आहे. मला उलटी बाजू आधी बघायची असते. स्वच्छ चादरीवर ती पालथी पसरा, हातातल्या बांगड्या-अंगठ्या काढून ठेवा आणि पदर मागून नीट बघा.

हातमागावर विणकर पदराची नक्षी धाग्याच्या छोट्या छोट्या कांड्यांनी भरतो. प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या त्याच्या जागेपुरताच जातो आणि शेजारच्या धाग्यात अडकवून परत फिरतो. म्हणून अस्सल पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो. मागे धागे आडवे तरंगत असतील किंवा कातरल्याच्या खुणा असतील, तर ती जेकार्ड यंत्रावरची, बाजारात जिला ‘सेमी’ म्हणतात ती. काठाच्या अगदी कडेला टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं रांगेत दिसली, तर तीही हातमागाची खूण आहे. विणताना कापड ताणून धरतात, तेव्हा ती पडतात.

पण हातमागाची म्हणजे जुनी, असं समजू नका. आपल्या येवल्यात आजही घराघरांत माग चालू आहेत. नऊवारी आहे एवढ्यावरूनही वय ठरत नाही, कारण नऊवारी पैठणी आजही विणतात.

वयासाठी जरीचा धागा बघा. सराफाकडे असतं तसं भिंग घ्या. खऱ्या जरीत चांदीची चपटी केलेली तार रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. ती जुनी झाली की राखट, काळसर पडते. तांब्यावर मुलामा दिलेली जर लालसर होते, कधी हिरवी बुरशीसारखी दिसते. आणि चमक अगदी नवी, धागा हाताला प्लास्टिकसारखा लागत असेल, तर ती पॉलिएस्टरच्या पट्टीची जर. ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच आली, त्यामुळे तिथे दीडशे वर्षांचा प्रश्नच मिटतो. तुमच्या फोटोत काठ राखट दिसतोय. ते चांगलं लक्षण आहे.

जांभळ्या रंगावरून मात्र काही ठरवू नका. कृत्रिम जांभळा रंग १८५६ सालीच सापडला. तुमच्या पैठणीचा रंग त्यानंतरच्या कुठल्याही काळातला असू शकतो. नक्षीचा थोडा उपयोग होतो. काठ नारळी (नारळाच्या नक्षीचा), पदरावर असावली (फुलवेल) नाहीतर कुयऱ्या, हे जुनं वळण. पदरभर मोठमोठे मोर ही बहुतेक वेळा अलीकडची आवड.

आता हिशेब करा. आजेसासूबाईंचं लग्न १९३५च्या आसपास झालं असेल आणि पैठणी त्यांच्या लग्नातली असेल, तर ती नव्वदीची. दीडशेला पोचायचं तर ती त्यांच्याही सासूकडून आलेली हवी. घरात सगळ्यांत वयस्कर कोण आहे? एखादी आत्या, चुलतसासू? त्यांच्याकडे जा आणि त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. जुन्या लग्नाच्या फोटोत हाच काठ दिसला, तर त्याच्याइतका पक्का पुरावा दुसरा नाही, मग फोटो कृष्णधवल का असेना. वयस्करांचं ते सांगणं पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पसरते. नव्वद वर्षांची पैठणी काही कमी मोलाची नसते, ताई. आकडा वाढवण्यापेक्षा ती कुणी कुणाला दिली, एवढं खरं लिहिलं गेलं तरी खूप आहे.

चिरेवर डिंक, सेलोटेप, फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं कापड) यांतलं काहीही चिकटवू नका, आणि इस्त्री तर नकोच. वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलं की रेशीम तिथे ठिसूळ होऊन तुटतं. चिरेच्या मागे पातळ रेशमी कापड ठेवायचं, चिरेच्या दोन्ही बाजूंना चांगलं बोटभर पुढे जाऊ द्यायचं आणि एकेरी रेशमी धाग्याने लांब, सैल टाके घालायचे. धागा ताणला की शेजारचं रेशीम फाटतं. जुना फॉल लावलेला असेल तर उसवून टाका. सुती फॉल आटतो आणि काठ ओढून धरतो. नंतर घडी न घालता कापडाच्या दुकानातल्या पुठ्ठ्याच्या नळीवर आधी धुतलेली मलमल गुंडाळा आणि तिच्यावर पैठणी. सणाला खांद्यावरून घ्यायला हरकत नाही, पण नेसू मात्र नका.

प्रश्न : आईच्या दोन जुन्या भरजरी साड्या आहेत. ओळखीचे एक सराफ म्हणाले, साड्यांतली जर खरी आहे, वजनावर घेतो. मुलगी म्हणते, त्यापेक्षा जॅकेट शिवू या. तुम्ही काय सांगाल?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : वजनावर देऊ नका. हात जोडून सांगते.

जरीसाठी साडी विकत घेणारा ती जाळतो आणि राखेतून चांदी काढतो. पैसे मिळतात ते त्या चांदीचे. विणणाऱ्याच्या महिनोन्‌महिन्यांच्या कामाचा त्यात एक पैसाही नसतो. आपल्याकडच्या किती पैठण्या आणि शालू अशा भट्टीत गेले असतील! बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतलेल्या साड्या तर वेगळ्याच. जुन्या पदरातली एखादी गाठ कशी मारली होती हे आज विणकराला बघायचं असेल, तर जुना पदरच समोर लागतो, आणि जळलेला पदर कुणी दाखवू शकत नाही.

जॅकेटचं वेगळं आहे. दोन्हींपैकी जी साडी अंगाने धड आहे, तिला कात्री लावू नका. दुसरीचं अंग जागोजाग विरलं असेल आणि काठ शाबूत असेल, तर काठ उतरवून नव्या कापडावर लावायला माझा विरोध नाही. नेसून नेसून विरलेल्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणारी माणसं आपण. पण कापण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, लांबी-रुंदी लिहा आणि पदर अखंड राहू द्या. मुलीला सांगा, जॅकेट शिवलं तर काठावर अत्तर मारू नकोस, जर काळी पडते.

आणि काळी पडलेली जर लिंबू, चिंच किंवा टूथपेस्टने घासू नका. कुणीही सांगितलं तरी. वरचा सोन्याचा मुलामा निघून जातो आणि तो परत येत नाही.

प्रश्न : बोहरपट्टीतल्या जुन्या घरात न नेसलेली सुती साडी सापडली. कडेला मिलचा शिक्का आहे, ‘५ यार्ड’ आणि पुढे किंमत ‘न.पै.’मध्ये. साल कळेल का?
— एक वाचक, जुने नाशिक

उत्तर : कळेल, आणि छान कळेल. ‘न.पै.’ म्हणजे नये पैसे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली आणि ‘नये’ हा शब्द १ जून १९६४ला गेला. म्हणजे साडी या सात वर्षांतली. यार्ड लिहिलंय म्हणजे बहुधा त्यातल्याही आधीच्या वर्षांतली, कारण साठच्या दशकाच्या सुरुवातीला मीटर आला. किंमत आण्यांत असती तर १९५७च्या आधीची धरली असती. ती धुऊ नका, शिक्का पुसट होईल.

प्रश्न : आजोबांचा लोकरीचा कोट आहे. आतल्या लेबलवर देवळाली कॅम्पच्या शिंप्याचं नाव आहे. कोटाला बारीक भोकं पडली आहेत. डांबराच्या गोळ्या ठेवल्या तरी कसर जात नाही. कोट कधीचा असेल?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : लेबलवर पत्त्यापुढे सहा आकडी पिनकोड आहे का बघा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. आकडा असेल तर कोट त्यानंतरचा. नसेल तर तेवढ्यावरून आधीचा म्हणता येत नाही, कारण शिंपी जुनी लेबलं संपेपर्यंत वापरत. अस्तरही तपासा. आतल्या शिवणीतून सुटलेला एक धागा चिमट्यात धरून जाळा. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. कागदासारखा जळून मऊ राख राहिली तर सुती किंवा रेयॉन. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम. अस्तर नंतर बदललेलंही असू शकतं, म्हणून त्याची शिलाई बाकीच्या कोटाशी जुळते का तेही बघा.

कसरीचं सांगते. भोकं पाडतात त्या अळ्या. उडणारा पतंग काही खात नाही. अळ्यांना घामाचे, जेवणाचे डाग लागलेली लोकर फार आवडते, म्हणून कॉलर, काखा आणि खिशांच्या कडा आधी तपासा. कोट उन्हात नेऊन मऊ ब्रशने शिवणी, खिशांचे तळ आणि कॉलरची खालची बाजू झाडा. मग जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर साचतं आणि लोकर ओली होत नाही. त्यानंतर पुन्हा झाडा. कपाटही रिकामं करून फटींमधून व्हॅक्यूम फिरवा, नाहीतर अंडी तिथेच राहतील.

डांबराच्या गोळ्या आता काढून टाका. त्यांचा वास कोटात वर्षानुवर्षं राहतो आणि त्या बंद खोलीत श्वासालाही बऱ्या नाहीत. वाळलेला कडुलिंब किंवा वेखंड पुरचुंडीत बांधून ठेवा, पण कापडाला चिकटू देऊ नका, आणि त्याच्यावर विसंबूनही राहू नका. खरं काम करतं ते उघडून बघणं. आपल्याकडे पावसाळा सरून दसऱ्यानंतर हवा कोरडी होते. तेव्हा कपाटातलं सगळं बाहेर काढायचं, सावलीत वारा द्यायचा आणि घड्या बदलून ठेवायचं. कोटासाठी रुंद, जाड खांद्यांचा हँगर घ्या, नाहीतर तारेच्या हँगरने खांदे टोकदार होतात. आणि ती भोकं रफूवाल्याला दाखवा. लोकरीची रफू चांगल्या हातची असेल तर दिसतही नाही. रफूला धागा त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून काढायला सांगा.